कोऱ्या वहीतील कादंबऱ्या

व्यापारी कुटुंबांत कादंबरीकडे पूर्वापार थोड्या संशयानेच पाहिले जाते. पेढीवर बसलेल्या मुलाच्या हाती रोजमेळाऐवजी कादंबरी दिसली, की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते. आणि सुनेच्या उशाशी ती आढळली, तर घरकाम उरकले काय, असा प्रश्न हमखास निघतो. या संशयामागे केवळ वेळेच्या अपव्ययाची भीती नसते. जैन शास्त्रांनी श्रावकाला विकथेपासून दूर राहावयास सांगितले आहे. स्त्री, भोजन, देश आणि राजा यांविषयीच्या निरर्थक गप्पांत मन रमले, की स्वाध्याय मागे पडतो, हा त्यामागील विचार. मग जिच्यात प्रेम आहे, पंगती आहेत, राजकारण आहे आणि देशोदेशीच्या हकिकती आहेत, ती कादंबरी विकथा नव्हे तर दुसरे काय?

वऱ्हाडातील बाजारपेठेच्या एका गावी अडतीचा व्यवसाय करणाऱ्या एका जैन कुटुंबात हा प्रश्न गेल्या चातुर्मासात अगदी प्रत्यक्ष उभा राहिला. पुण्यात संगणकाचे शिक्षण पूर्ण केलेली नात काही महिने घरी राहून काम करण्यासाठी आली. तिच्या सामानात कपड्यांची एक पेटी आणि पुस्तकांच्या दोन पेट्या होत्या. त्या उघडल्या जात असताना चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजोबांनी एकेक पुस्तक हाती घेऊन पाहिले आणि शांतपणे सांगितले, की चातुर्मासात या घरात कादंबऱ्या वाचल्या जात नाहीत.

त्यांना उत्तर दिले ते नातीने नव्हे, आजींनी. "अनुयोग चार. त्यांत पहिला कोणता?" एवढेच त्यांनी विचारले. आजोबा निरुत्तर झाले. करणानुयोग, चरणानुयोग, द्रव्यानुयोग हे सारे नंतरचे. पहिला मान प्रथमानुयोगाला, म्हणजे पुराणपुरुषांच्या कथांना. तत्त्व समजण्याच्या आधी माणसाला माणसाची गोष्ट समजते, हे आचार्यांना ठाऊक होते.

जैन साहित्याचा इतिहास आजींच्याच बाजूने साक्ष देतो. उद्द्योतनसूरींनी इ. स. 779 मध्ये जाबालिपूर, म्हणजे आजच्या जालोर येथे पूर्ण केलेली 'कुवलयमाला' ही प्राकृत कथा आज कोणी नव्याने लिहिली असती, तर तिला कादंबरीच म्हटले गेले असते. क्रोध, मान, माया, लोभ आणि मोह या पाच विकारांना तिच्यात माणसांची रूपे मिळाली आहेत. त्यांतील लोभदेव हा तर व्यापारीच. तक्षशिलेच्या परिसरातून तो घोडे विकण्यासाठी सोपारा बंदरात, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील नालासोपाऱ्यात येतो. तेथे व्यापाऱ्यांचा मेळावा भरतो आणि कोणी कोणता माल कोठे नेला व त्याच्या बदल्यात काय आणले, याच्या हकिकती जो तो सांगतो. कडुनिंबाची पाने रत्नद्वीपाला नेऊन रत्ने आणल्याची गोष्ट ऐकून लोभदेवाची झोप उडते. भद्रश्रेष्ठी नावाच्या ज्या सज्जन व्यापाऱ्याने त्याला आश्रय दिला, त्यालाच भागीदार करून तो समुद्रप्रवासाला निघतो. आणि परतीच्या वाटेवर, नफा वाटून द्यावा लागू नये म्हणून, त्याच भागीदाराला समुद्रात ढकलतो. बाराशे वर्षांपूर्वीच्या मुनींनी लोभ ही काय वस्तू आहे हे सांगण्यासाठी गोष्ट निवडली, आणि तीही पेढीवरची.

आजोबांची परवानगी मिळाली, पण अटींवर. पर्युषणाच्या दहा दिवसांत शास्त्राखेरीज काही वाचावयाचे नाही. एरवी सूर्यास्तापूर्वीचे भोजन आणि मंदिरातील आरती आटोपल्यावर सर्वांनी माडीवर जमावे, आणि ज्याने कादंबरी वाचून पूर्ण केली असेल त्याने आपला अभिप्राय सांगावा. अभिप्रायासाठीही तीन नियम ठरले. सारे कथानक सांगत बसू नये. 'छान' आणि 'रटाळ' हे शब्द वापरू नयेत. आणि मत उसने आणू नये. वर्तमानपत्रातून किंवा प्रस्तावनेतून उचललेले मत म्हणजे दुसऱ्याच्या मालावर आपली मोहोर उठवणे.

अभिप्राय लिहून ठेवण्याची कल्पना नातवाची. घरातील सारा हिशेब आता संगणकावर असतो. तरी दर दिवाळीला, महावीर निर्वाणाच्या पूजेसाठी, लाल कापडी बांधणीची नवी वही आणली जाते. पहिल्या पानावर 'श्री' आणि 'शुभ लाभ' लिहिले जाते, आणि उरलेली पाने वर्षभर कोरी राहतात. अशीच एक कोरी वही काढण्यात आली. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. पुस्तकापासून वाचकाला जे मिळाले ते जमेस. पुस्तकाने वाचकाकडून जे मागितले ते नावे. हा हिशेब कोणत्याही समीक्षकाने शिकवलेला नव्हता. पण नामा लिहिणाऱ्या घराला तो तत्काळ समजला.

पहिली नोंद सर्वांत धाकट्याची, दहावीतल्या नातवाची. गावच्या वाचनालयातील जुन्या कपाटात त्याला बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा सापडल्या. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाने एके काळी मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांची झोप उडवली होती. वही पुढे ओढून त्याने लिहिले : जमा, एक रात्र. नावे, गणिताचा गृहपाठ. हसू ओसरल्यावर आजोबांनी नियमाची आठवण दिली, तेव्हा त्याने थोडा विचार करून सांगितले, की झुंजार कधीच हरणार नाही हे पहिल्या पानापासून माहीत असते. त्यामुळे भीती वाटत नाही, फक्त घाई वाटते. घाई आणि भीती यांतील हा फरक मोठ्यांच्या ध्यानी यापूर्वी आला नव्हता. आजोबांनी स्वतःही त्या वयात कापसाच्या गंजीआड बसून अर्नाळकर वाचल्याची कबुली त्या रात्री दिली. ही गोष्ट त्यांच्या मुलानेही पूर्वी कधी ऐकलेली नव्हती.

आजोबांनी स्वतःसाठी निवडली ती रणजित देसाई यांची 'स्वामी'. 1962 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि 1964 मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या या कादंबरीने मराठी घराघरांत थोरले माधवराव पेशवे आणि रमाबाई यांना आणून बसवले. आजोबांनी ती ऐन तारुण्यात, नव्या लग्नाच्या दिवसांत वाचली होती, आणि रमा-माधवांच्या प्रसंगांखेरीज त्यांना तीतले काही आठवत नव्हते. या वेळच्या वाचनात त्यांना दिसला तो वेगळाच माधवराव. पानिपतानंतर खचलेली दौलत सोळाव्या वर्षी अंगावर पडलेला, घरच्या काकांशी झगडत कारभार सावरणारा आणि मृत्युशय्येवरही दौलतीच्या कर्जाची चिंता वाहणारा तरुण. लढाया त्यांनी भराभर उलटल्या. कर्जाचा उल्लेख आला की थांबून ते पान पुन्हा वाचले. "राज्ये जिंकणारे इतिहासात पुष्कळ आहेत, देणे राहिले म्हणून ज्याला मरताना स्वस्थता नाही, असा धनी विरळा," हा त्यांचा अभिप्राय.

नावेच्या बाजूला मात्र त्यांनी एकच शब्द लिहिला : धाकटा. चाळीस वर्षांपूर्वी त्यांचे धाकटे बंधू पेढीतून वेगळे झाले होते. गोदामाच्या वाटणीवरून शब्दाला शब्द लागला, आणि तेव्हापासून दोन्ही घरांत कार्यापुरते येणे-जाणे राहिले. राघोबादादांचे अपराध पोटात घालून त्यांना पुन्हा पुन्हा जवळ करू पाहणाऱ्या पुतण्याची कथा वाचताना आजोबांना नेमके काय आठवले, हे त्यांनी सांगितले नाही. कोणी विचारलेही नाही.

'स्वामी'वर आक्षेप आला तो थोरल्या सूनबाईंकडून. कादंबरीच्या अखेरीस थेऊर येथे रमाबाई सती जातात. तो प्रसंग इतक्या सुंदर भाषेत रंगवला आहे, की वाचणाऱ्याला चितेची धग लागतच नाही. आणि हाच त्या प्रसंगाचा दोष, असे त्यांचे म्हणणे. "मामंजी, रडू आले मलाही. पण आपण कशावर रडतो आहोत हे पान मिटल्यावर कळले, तेव्हा रडल्याची लाज वाटली," असे त्या म्हणाल्या. आजोबांनी वाद घातला नाही. सती ही त्या काळाची वस्तुस्थिती होती, लेखकाने ती टाळावी कशी, एवढेच त्यांनी विचारले. सूनबाईंचे उत्तर होते, की टाळू नये, परंतु सजवूही नये. तो प्रश्न वहीत तसाच नोंदवला गेला.

सूनबाईंनी वाचलेली कादंबरी या वादाचा जणू दुसरा पदर होती. हरि नारायण आपटे यांनी 1890 मध्ये सुरू केलेल्या 'करमणूक' पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झालेली 'पण लक्षात कोण घेतो!' ही यमूची कहाणी. यमू स्वतःच आपली हकिकत सांगते : बालपण, लग्न, सासर, पतीचा सहवास, वैधव्य आणि बळजबरीने झालेले केशवपन. सव्वाशे वर्षांहून जुनी ही कादंबरी आजच्या घरात कशाला वाचावी, असा प्रश्न तिच्या मुखपृष्ठाकडे पाहून मुलांनी केला होता. त्या काळच्या विधवांचे दुःख जैन घरांनाही परके नव्हते. शेठ माणिकचंद हिराचंद यांची कन्या मगनबाई यांना तरुण वयातच वैधव्य आले. आपले दुःख उगाळत न बसता त्यांनी मुंबईत श्राविकाश्रमाच्या कार्याला वाहून घेतले आणि अनेक निराधार स्त्रियांना शिक्षणाची वाट दाखवली. यमूला मात्र कोठलाही आश्रम भेटत नाही.

परंतु सूनबाईंचा अभिप्राय केशवपनाच्या प्रसंगावर नव्हता. त्यांच्या मते त्या कादंबरीतील सर्वांत दुःखद गोष्ट तिच्या नावातच आहे. यमूवर होणारा मोठा अन्याय सर्वांना दिसतो. त्यापूर्वीची शंभर लहान दुःखे कोणाच्या ध्यानीही येत नाहीत, आणि ती देणारी माणसे दुष्ट असतातच असे नाही. असे सांगून त्यांनी वही घेतली आणि नावेच्या बाजूला लिहिले : माडीवर सर्वजण आठ वाजता बसतात. मी साडेआठला येते. आजवर अर्धेच अभिप्राय ऐकले.

माडीवर काही क्षण कोणी बोलले नाही. या घरात सुनेला कोणी उणा शब्द बोलत नाही. तिच्या नावावर पेढीत भागीदारी आहे. मंदिराच्या पाठशाळेत ती शिकवते. तरीही भोजनानंतरची भांडी, दुसऱ्या दिवशीचे धान्य निवडणे आणि सकाळच्या पूजेसाठी अष्टद्रव्यांची तयारी ही कामे आपोआप तिच्या वाट्याला येत, आणि बाकीचे हात धुऊन माडीवर जात. दीड महिन्यात हे कोणाच्याही लक्षात आले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून धान्य निवडण्याचे काम माडीवर आले. सारे घर ताटे मांडीवर घेऊन बसू लागले, आणि वाचलेल्या पुस्तकांची चर्चा खडे वेचता वेचता होऊ लागली. भांडी दहावीतल्या नातवाकडे गेली. त्याने आपल्या अर्नाळकरांच्या नोंदीखाली ती नावे टाकली.

आजींची दृष्टी अधू झालेली असल्यामुळे त्यांची कादंबरी नात त्यांना दुपारच्या वेळी वाचून दाखवीत असे. एस. एल. भैरप्पा यांची मूळ कन्नड 'वंशवृक्ष' उमा कुलकर्णी यांच्या अनुवादामुळे मराठी वाचकांना आपल्या घरचीच वाटते. कपिला नदीच्या काठी नंजनगूड येथे राहणारे श्रीनिवास श्रोत्री हे विद्वान, निर्मोही आणि आचारसंपन्न गृहस्थ. त्यांचा तरुण मुलगा नदीत बुडून जातो. विधवा सून कात्यायनी पुढे शिकते आणि पुनर्विवाह करते. तिचा लहान मुलगा मात्र आजोबांकडे, त्यांच्या वंशाचा अंकुर म्हणून, राहतो. श्रोत्री सुनेला अडवत नाहीत, तिच्यावर संतापत नाहीत. त्यांच्या या चांगुलपणानेच वाचक पेचात पडतो.

आजींनी पुस्तक संपल्यावर दोन दिवस अभिप्राय दिला नाही. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, की श्रोत्री मोठे खरे, पण आईपासून मूल तोडताना त्यांना त्या मुलात मूल दिसले नाही, वंश दिसला. उतारवयात त्यांना आपल्या स्वतःच्या जन्माविषयीचे जे सत्य कळते, ते वाचून तरुणांना धक्का बसेल. आजींना तो बसला नाही. आचार्य समंतभद्रांनी 'रत्नकरंडक श्रावकाचारा'त सांगितलेल्या आठ मदांत कुलमद आहेच. पैशाचा मद दिसतो, त्याला चारजण नावे ठेवतात. कुळाचा मद मात्र सदाचाराचे वस्त्र पांघरून घरात वावरतो आणि त्याला सारे नमस्कार करतात, असे त्यांनी सांगितले. घरात त्या दिवसांत नातीच्या लग्नासाठी स्थळे पाहणे चालू होते आणि आलेल्या माहितीपत्रांवर पहिली चर्चा घराण्याचीच होत असे. आजींच्या या अभिप्रायानंतर ती थांबली असे नाही. परंतु मुलगा काय वाचतो, हा प्रश्न त्या माहितीपत्रांत नव्याने दाखल झाला.

नातीची स्वतःची निवड जयंत नारळीकर यांची 'वामन परत न आला'. उत्खननात सापडलेला प्राचीन संस्कृतीचा ठेवा, त्यातील ज्ञानाच्या आधारे घडवलेला वामन नावाचा यंत्रमानव आणि त्याने निर्माण केलेला धोका, असा या विज्ञान कादंबरीचा विषय. ती लिहिली गेली त्या काळी संगणक सामान्य घरांत पोहोचलाही नव्हता. नातीचे रोजचे कामच बुद्धिमान यंत्रांशी निगडित असल्यामुळे तिने ती शास्त्रीय कुतूहलाने वाचावयास घेतली, आणि वाचून झाल्यावर अस्वस्थ झाली. "वामनात दुष्टपणा नाही. त्याला स्वतःसारखे आणखी वामन हवे आहेत, एवढेच. थांबावे कोठे, हे त्याला कोणी शिकवले नाही," असे तिचे निरीक्षण.

तिच्या वडिलांना ही भीती पटली नाही. पेढीचा हिशेब संगणकावर आल्यापासून चुका कमी झाल्या, रात्री लवकर घरी येता येते, असे ते म्हणाले. नातीने ते मान्य केले, आणि आजोबांकडे पाहून विचारले, की श्रावकाला परिग्रहाचे परिमाण करावयास सांगितले आहे, दिग्व्रतात दिशांची मर्यादा सांगितली आहे. मग सामर्थ्याची मर्यादा कोणत्या व्रतात येते? आजोबांनी उत्तर द्यावयास वेळ मागून घेतला. नातीची जमा बाजू मोठी होती. नावेच्या बाजूला तिने लिहिले : जे यंत्र करू शकते ते सारे त्याच्याकडून करून घ्यावे काय?

अभिप्रायांची ही मैफल मनोरंजनाच्या पलीकडे गेली ती थोरल्या नातवाच्या नोंदीमुळे. पदवी घेऊन तो वर्षभरापूर्वी पेढीवर बसू लागला होता, आणि काट्याजवळचे काम त्याच्याकडे सोपवलेले होते. त्याने घेतली होती सदानंद देशमुख यांची 'बारोमास'. 2004 मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेली ही कादंबरी वऱ्हाडातल्याच मातीची. उच्च शिक्षण घेऊनही नोकरी न मिळालेला एकनाथ शेतीत राबतो आहे. पावसाची, भावाची, कर्जाची आणि संसारातल्या ओढाताणीची टांगती तलवार त्याच्या डोक्यावर आहे. नातू म्हणाला, की या पुस्तकातली बोली रोज पेढीवर कानी पडते, माणसेही ओळखीची वाटतात. फरक एवढाच, की पेढीवर ती माणसे दहा मिनिटे दिसतात, आणि येथे बारा महिने दिसली. माल विकून पट्टी खिशात घालून गेलेला शेतकरी घरी जाऊन ती कोणाला दाखवतो, तेव्हा घरातल्यांचे चेहरे कसे होतात, हे काट्याच्या या बाजूने कधी दिसलेच नव्हते.

जमेच्या बाजूला त्याने पानभर मजकूर लिहिला. नावेची बाजू कोरी ठेवली. काय लिहावे ते सुचत नाही, असे त्याने सांगितले.

त्यानंतर दशलक्षण पर्व आले आणि ठरल्याप्रमाणे कादंबऱ्या बंद झाल्या. या दहा दिवसांत मंदिरात आचार्य उमास्वामींच्या 'तत्त्वार्थसूत्रा'चा रोज एक अध्याय वाचला जातो. सातव्या दिवशी सातवा अध्याय, व्रतांचा आणि त्यांच्या अतिचारांचा. अचौर्य व्रताच्या पाच अतिचारांत एक आहे हीनाधिकमानोन्मान : देताना कमी मापाने देणे, घेताना अधिक मापाने घेणे. नातवाने हा अध्याय लहानपणापासून दरवर्षी ऐकलेला होता, पाठशाळेत पाठही केलेला होता. त्या दिवशी तो शब्द प्रथमच त्याच्या कानांपलीकडे गेला.

कारण बाजारात कडता नावाची एक वहिवाट आहे. ओल, माती, बारदान यांच्या नावाखाली वजनातून सरसकट काही भाग कापावयाचा. या पेढीवर तो क्विंटलमागे एक किलो असे. नियमात न बसणारी, पण कोणी उघड बोलत नाही अशी ही प्रथा. नातवाने घरी येऊन वही उघडली आणि कोऱ्या राहिलेल्या नावेच्या बाजूला हिशेब मांडला. बारा क्विंटल आणणाऱ्या शेतकऱ्याचे बारा किलो. शंभर क्विंटलांच्या आवकेत एक क्विंटल. हा एक क्विंटल कोणी विकला नाही, आणि पेढीने विकत घेतला नाही. तरी तो गोदामात आहे.

वही वडिलांपुढे ठेवली गेली तेव्हा त्यांनी ती दोनदा वाचली. ते रागावले नाहीत. परंतु त्यांचे म्हणणेही लहान नव्हते. खरेदीदार गिरण्या अडत्याच्या मालातून कपात करतात, अडत्या ती शेतकऱ्याकडून भरून काढतो. साखळीतील एकानेच सोडायचे म्हटले तर तोटा त्याचा. बाजारातील इतर अडत्यांशी वैर येईल ते वेगळेच. "कादंबरी लिहिणाऱ्याला गोदामाचे भाडे द्यावे लागत नाही," असे ते म्हणाले. यावर नातवाकडे उत्तर नव्हते.

उत्तर आजोबांनी दिले, आणि ते क्षमावाणीच्या दिवशी. त्या दिवशी हे कुटुंब दरवर्षी नातेवाईक, व्याही, गिरणीवाले, बँकेतील अधिकारी आणि बाजारातील व्यापारी यांना क्षमायाचनेची पत्रे पाठवते. पत्त्यांची यादी आजोबांच्या हाती होती. ती वाचून त्यांनी विचारले, की ज्यांच्या मालावर ही पेढी तीन पिढ्या उभी आहे, त्यांतील एकही नाव या यादीत कसे नाही? आणि थोड्या वेळाने म्हणाले, की क्षमा मागावयाची आणि कडता चालू ठेवावयाचा, यापेक्षा पत्र न पाठवणे बरे. त्याच सायंकाळी ते चाळीस वर्षांनी, कार्यप्रसंग नसताना, धाकट्या बंधूंच्या घरची पायरी चढले. तेथे काय बोलणे झाले ते दोघा भावांनाच ठाऊक.

पेढीवर ठरले ते सावधपणे ठरले. सरसकट कडता एका हंगामापुरता बंद करून पाहावा. मालात खरोखर ओल असेल तर ती यंत्रावर मोजून शेतकऱ्याला दाखवावी, आणि जी कपात होईल ती कारणासह हिशेबपट्टीवर स्पष्ट लिहावी. हंगामाअखेर तोटा किती झाला ते वडील मांडतील, आणि मग पुढचे ठरेल. मूग-उडदाची आवक सुरू होती. सोयाबीन अजून यावयाचे होते. निर्णय अमलात आल्याच्या पहिल्याच दिवशी एका वृद्ध शेतकऱ्याने आपली पट्टी डोळ्यांजवळ धरून वाचली, पुन्हा वाचली, आणि नातवाला विचारले, "आज काय झालं शेठ, काटा बिघडला का?"

नातवाने ते वाक्य त्या रात्री वहीत उतरवून घेतले. कोणत्या बाजूला, जमेला की नावे, यावर माडीवर बराच वेळ चर्चा झाली. शेवटी ते दोन्ही रकान्यांच्या मधल्या रेघेवर लिहिण्यात आले. विकथेचा प्रश्न त्यानंतर या घरात कोणी काढला नाही.

दिवाळीला नवी लाल वही आली. जुन्या वहीतील सहा कादंबऱ्यांची खाती तपासली गेली. अर्नाळकरांचे खाते दहावीतल्या नातवाने केव्हाच मिटवले होते. बाकीच्या पाच खात्यांखाली आजोबांनी स्वतःच्या हाताने, पेढीच्या जुन्या वळणदार अक्षरात लिहिले : बाकी पुढे ओढली.